विरजणाचे तीस दिवस

जपानच्या बर्फाळ मुलखात एकदा एक वृद्ध साके-कारागीर राहत होता. साके म्हणजे तांदळाचं मद्य. मद्याची गोष्ट म्हणून कुणा सोवळ्या वाचकानं नाक मुरडलं, तर खुशाल मुरडावं. शहाणपण कोणत्या भांड्यात मुरेल हे आपण ठरवत नसतो.

या वृद्धाची रीत जुनी होती. भर हिवाळ्यात शिजवलेला तांदूळ, बुरशी चढवलेला तांदूळ आणि पाणी लाकडी टोपात घ्यायचं, चौघांनी लांब दांड्यांनी गाणं म्हणत ते घोटायचं आणि मग वाट पाहायची. हवेतले सूक्ष्म जीव आपणहून येत, आपसात झगडत, त्यातून हळूहळू आंबटपणा चढे आणि महिनाभरानं साकेचं विरजण तयार होई. इतर ठिकाणी लोक आता बाटलीतलं तयार आम्ल ओतून हेच काम पंधरा दिवसांत उरकत.

वृद्धाचा शिष्य वीस वर्षं त्याच्या हाताखाली राबला होता, आणि या हिवाळ्यापासून सगळा कारभार त्याच्यावर सोपवला जाणार होता. अशा वेळी शहरातला मोठा व्यापारी आला. वर्षाचा सगळा माल तोच उचलत असे. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आंबट लागते, जड लागते, हल्ली लोकांना फुलासारखी सुगंधी आणि पाण्यासारखी हलकी साके हवी असते, असं सांगून त्यानं दुसरीकडची एक बाटली नमुना म्हणून पुढे ठेवली. आम्ल घालून अशी करा, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या गाड्या येणार नाहीत, हेही त्यानं गोड शब्दांत ऐकवलं. उत्तर न्यायला वीस दिवसांनी येईन म्हणाला.

शिष्यानं मान डोलावली. खरं तर मनातल्या मनात त्यानं होकार देऊनही टाकला होता. बारा कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि 'आंबट' हा शेरा वर्षानुवर्षं ऐकून तो स्वतःही थोडा शरमला होता.

व्यापाऱ्याची पाठ वळताच वृद्धानं ती नमुन्याची बाटली आणि घरची एक बाटली घेतली, दोन्हींची बुचं काढली आणि चुलीशेजारच्या फळीवर, धगीत, त्या उघड्याच ठेवून दिल्या. शिष्याला धक्का बसला. साकेला ऊब आणि वारा लागू द्यायचा नाही, हा धडा याच माणसानं पहिल्या दिवशी त्याचा कान पिळून शिकवला होता. तो बुचं लावायला गेला, तर वृद्धानं त्याचा हात धरला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि गुरुजी तर पंचाहत्तरीला टेकले होते. अशी मनाची समजूत घालून शिष्य आपल्या कामाला लागला.

विसाव्या दिवशी व्यापारी आला. वृद्धानं दोन्ही बाटल्या गरम पाण्यात बसवून चांगल्या कढत केल्या आणि आधी व्यापाऱ्याच्याच नमुन्यातली त्याला दिली. एक घोट घेऊन त्यानं पेला खाली ठेवला. सुगंध केव्हाच उडून गेला होता, मागे नुसता कडवटपणा उरला होता. मग वृद्धानं आपली ओतली. तिचा आंबटपणा तांदळाच्या गोडीत मुरून गेला होता. व्यापाऱ्यानं पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. नंतर मात्र तो भानावर आला आणि म्हणाला, की हे सगळं खरं, पण गिऱ्हाईक पहिल्या थंड घोटावरच ठरवतं, वीस दिवस थांबायला वेळ कुणाला आहे?

वृद्ध शिष्याकडे वळून म्हणाला,

"यांनी आणलेली साके वाईट नाही. बाटली उघडल्या दिवशी ती सुंदरच असेल. पण तिच्या जन्माआधीच कुणीतरी आम्ल ओतून तिचे सगळे शत्रू मारून ठेवले होते, म्हणून पहिल्या वाऱ्यालाच ती खचली. आपल्या विरजणानं तीस दिवस भल्याबुऱ्या सगळ्यांशी झुंज दिली आणि आपला आंबटपणा स्वतः कमावला. ज्याला हे शेटजी दोष म्हणतात, त्याच्याच बळावर आपली साके वारा आणि आग पचवून उभी आहे. तो काढायचा तर काढ, कारभार आता तुझा आहे. फक्त लाजून काढू नकोस."

शिष्यानं त्या दोन बाटल्यांकडे पाहिलं. पोटाची काळजी खरी होती. पण आपण मान डोलावली ती लाजेनं, हे त्याला आता स्वच्छ दिसलं. तो व्यापाऱ्यासमोर बसला आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला,

"शेटजी, आमची साके आंबटच राहील. आपल्या गाड्या आल्या नाहीत, तर आम्ही ती पाठीवर घालून गावोगाव नेऊ आणि कढत करून पाजू."

पुढच्या वर्षी गाड्या खरोखरच आल्या नाहीत. शिष्यानं आणि त्या बारा जणांनी पिंपं पाठीवर घेतली आणि डोंगरातल्या लहान लहान खानावळी पालथ्या घातल्या. कुणी कुरकुरलं नाही असं नाही, पण काम सोडून कुणी गेलं नाही. एखाद्या खानावळीत कुणी पहिला घोट घेऊन "आंबट आहे" म्हणालं, की शिष्य शांतपणे म्हणे, "हो, आहे," आणि पेला पुन्हा भरे.

आपल्यालाही कुणी आपला दोष दाखवला आणि तो झुंजून कमावलेला असला, तर उत्तर एवढंच पुरे.