बयाजीच्या हातातला देव

एका गावात बयाजी नावाचा गुळव्या होता. उसाचा रस आटवून गूळ करावा तर त्यानंच. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून गूळ झाला का ते पाहत. बयाजी मात्र थेट काहिलीत बोट बुडवी. उकळत्या पाकात! बोटाला फोड येई, पण गडी आपला हसतोच आहे.

"हाताला देव आहे बाबा," लोक म्हणत. बयाजीची छाती फुगे. मनगटावर फिकट चट्टा होता, त्याला तो देवाचा शिक्का म्हणे. पुढं तसाच चट्टा नात गोजीच्या हातावर उठला, तेव्हा तर यानं सगळ्या गुऱ्हाळाला काकवी पाजली. "देव आता घराण्यातच वस्तीला आलाय!"

एके दिवशी हौसाताई नर्स गुऱ्हाळावर आल्या. कुष्ठरोगाची पाहणी चालली होती. "तात्या, घरात कुणाच्या अंगावर चट्टा आहे का?"

बयाजी तडकला. "आमच्या घरात असलं काही नाही! चांगलं खानदान आहे. पुढं बघा."

ताई निघाल्याही होत्या. पण फुशारकी माणसाला गप्प बसू देते होय? "अहो बाई, हा चट्टा नव्हे, देव आहे देव! या हाताला विस्तवसुद्धा लागत नाही!"

ताई तिथंच मागं फिरल्या. "डोळे मिटा, तात्या. कापूस लागला की 'हो' म्हणा."

बयाजीनं डोळे मिटले. गडी भोवती गोळा झाले. बराच वेळ गेला. शेवटी बयाजी कंटाळला. "बाई, सुरुवात कधी करताय?"

"तीनदा फिरवून झाला, तात्या."

गडी खो खो हसले. बयाजीचं तोंड मात्र उतरलं.

ताई म्हणाल्या, "चट्ट्याला कापूस कळत नाही, म्हणजे हा कुष्ठरोग. घाबरू नका. गोळ्यांनी बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागतही नाही. पण औषधाविना राहिला तर घरच्यांना होऊ शकतो. घरात आणखी कुणाला चट्टा?"

बयाजीची बायको पारूबाई त्याच्या कानाशी लागली. "आवं, पोरीचं बोलू नका. उद्या तिला कोण सून करून घेईल?"

झाकलं तर अब्रू राहील, पण पोरीचा हात जाईल. बयाजीनं आपल्या भाजलेल्या बोटाकडं पाहिलं. इतकी वर्षं या बोटाचा टेंभा मिरवला, त्याची त्याला लाज वाटली.

"जळो ती अब्रू!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "गोजे, ये इकडं. ताईंना देव दाखव!"

तिच्याही चट्ट्याला कापूस कळला नाही. आजा-नातीनं एक दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. बयाजीचं दुखणं जुनं, त्यामुळं रोग गेला तरी बोटांची जाण काही पुरती परतली नाही. तोही आता मुकाट्यानं पाण्यात थेंब टाकून पाक पाहू लागला.

पुढच्या हंगामात काहिलीतला एक थेंब उडाला, तो नेमका गोजीच्या जुन्या चट्ट्याच्या जागी. "आई गं! भाजलं!" पोरीनं गुऱ्हाळ डोक्यावर घेतलं. पारूबाई पाणी घेऊन धावली. आणि बयाजी? तो डोळे पुसत गूळ वाटत सुटला.

"आवं, नातीला चटका बसला नि तुम्ही गूळ वाटताय? याड लागलं काय?"

"अगं, चटका बसला म्हणूनच वाटतोय!"

तात्पर्य: जे दुखायला हवं आणि दुखत नाही, ते आधी दाखवावं, अब्रूपायी झाकलेलं दुखणं घरच्यांना भोगावं लागतं.