भरलेलं कोठार

फार वर्षांमागे खारींच्या नगरात सामाईक कोठाराच्या बुंध्यावर चोच मारली की भरीव, दबका आवाज येई. म्हाताऱ्या सुतारपक्ष्याच्या, भिवाआबाच्या कानात तो अजून होता. यंदा मात्र बुंधा ढोलासारखा वाजला.

"अगं बाई, कोठार रिकामं आहे," तो नगरप्रमुख खारीला म्हणाला.

"आबा, कान तपासून घ्या!" ती हसली. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे तिने झाकण उघडून सगळ्यांना वरून दाखवलं. बिया काठोकाठ होत्या. खारींनी टाळ्या पिटल्या.

आबाने जड मनाने बुंध्याच्या तळाशी भोक पाडलं. आतून वाळका पाला भसाभसा बाहेर आला आणि वरचा बियांचा पातळ थर खाली बसला.

"झाडाझाडांमधले हे नवे झुलते पूल तुम्हालाच हवे होते ना?" प्रमुख जमलेल्या खारींना पुटपुटली. "बिया ते विणणाऱ्या सुगरण पक्ष्यांच्या मजुरीत गेल्या. पुढच्या हंगामात भरू."

"पावसाळा तोंडावर आलाय. माझी तीन पिल्लं काय खातील?" एका बाळंतीण खारीने आबाला विचारलं.

तिच्या तोंडात एकच पिल्लू मावत होतं. ते उचलून ती उघड्या माळाकडे निघून गेली; बाकीची दोन मागेच राहिली.