टिटवीची केली कोकिळा

फार मागची गोष्ट, रानात टीव्ही नुकता आला होता तेव्हाची. सगळ्या रानांची गाण्याची स्पर्धा टीव्हीवर लागायची. एका रानाने एकच गाणारा धाडायचा आणि आपल्याच गाणाऱ्याला मत द्यायचं नाही, असा नियम होता.

बाभूळरानाने टिटवीला निवडलं, कारण तिच्या एका हाकेला सगळं रान उठून बसायचं. पण कमिटीवरचा कोल्हा म्हणाला, "टिटवीबाई, असं किंचाळून चालायचं नाही. बाहेरच्यांना कुहूकुहू आवडतं."

"मग कोकिळाबाईंनाच धाडा की!"

"तुमचं नाव गेलंय वर. आता गुमान शिका."

महिनाभर बिचारी घसा खरवडून कुहू शिकली. वर तिच्या पाठीला मोराची पिसं चिकटवली.

स्पर्धेत तिला एकही मत पडलं नाही. पहिली आली पलीकडच्या माळरानाची टिटवी, आपल्याच आवाजात ओरडून.

परत आल्यावर कमिटी बसली. टिटवीला वाटलं, आता तरी हे माफी मागतील. कोल्हा म्हणाला, "आमची चूक कळली. पुढच्या वर्षी कोकिळाबाईंना पाठवू. तुम्ही त्यांना किंचाळायला शिकवा."

टिटवीने पाठीवरची पिसं उपटून त्याच्या पुढ्यात टाकली. "ही लावा शेपटीला आणि तुम्हीच जा, मेल्यांनो!" ती अशी ओरडली, की सगळं रान उठून बसलं.