गार केलेला पाय

एकदा एक तरुण स्वार शर्यतीच्या दिवशी सकाळी तबेल्यात घोड्याच्या पायावर गार पाणी ओतत बसला होता. घोडा अस्सल जातिवंत. त्याच्या डाव्या पुढच्या पायाची शीर तापली होती. भरधाव वेगात अशी शीर तुटली, तर घोडा पुन्हा उभा राहत नाही, आणि उभा न राहणाऱ्या घोड्याला गोळी घालतात. स्वाराला हे पक्के ठाऊक होते. पण ही शर्यत वर्षातून एकदाच. कोण्या राजाने फौजेसाठी उत्तम घोडा निवडावा म्हणून ती सुरू केली. राजा गेला, फौज गेली, शर्यत राहिली. मैदानाच्या दगडी कमानीवर प्रत्येक विजेत्या घोड्याचे नाव, त्याखाली स्वाराचे. त्या नावापायी, ताप कुणाच्या हाताला लागू नये म्हणून, याने पाय गार केला आणि पुसून कोरडा केला.

तेवढ्यात त्याची गुरू आली. म्हातारी बाई होती, हो, बाईच. घोड्याची पारख करायला मिशा लागत नाहीत. सगळे तिला अक्का म्हणत. तिने हाताची पालथी बाजू दोन्ही पायांवरून फिरवली. स्वाराने न राहवून विचारले,

"ठीक आहे ना, अक्का?"

"तू सांग."

"ठीक आहे."

"बरं," एवढेच म्हणून ती निघाली.

रीत अशी, की घोडेस्वारी शिकवणाऱ्यांतल्या सर्वांत ज्येष्ठाने कमानीखाली उभे राहून आजवरच्या विजेत्यांची नावे म्हणायची. तो मान अक्काचा. लोक जमले. अक्काने मात्र कमानीकडे पाठ केली आणि स्वाराला घोड्यासह मैदानाच्या पल्याडच्या वळणावर नेले. तिथे ती म्हणू लागली, "रणरंग. शुभ्रा. मेघश्याम..." त्यातले एकही नाव कमानीवर नव्हते.

घोड्याचा मालक, एक व्यापारी, धापा टाकत आला. "अक्का, डोकं फिरलं का? ही कुणाची नावं?"

"या वळणावर पडलेल्यांची, शेठ. शर्यत त्यांचीही होती."

"शुभ दिवशी मढी कसली उकरता!"

अक्का म्हणतच राहिली. पुढचे नाव आपल्याच घोड्याचे येईल, अशी स्वाराला धास्ती वाटली. ती थांबली आणि नुसती त्याच्याकडे पाहू लागली. घोड्याने डावा पाय अलगद उचलून धरला.

"शेठ, घोडा पळणार नाही," स्वार कसाबसा म्हणाला. "शीर तापलीय. मी पाणी मारून लपवलं."

"पुन्हा माझ्या तबेल्यात पाऊल टाकशील तर खबरदार!" व्यापारी गरजला आणि निघून गेला.

"अक्का, तुम्हाला कधी कळलं?"

"हात लावला तेव्हाच. एक पाय कोमट, दुसरा विहिरीच्या तळासारखा. एवढंही कळत नसतं, तर घरी भाकऱ्या थापल्या नसत्या?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलले असते, तर आजचा घोडा वाचला असता. उद्या तू दुसऱ्या घोड्याचा पाय जास्त हुशारीनं गार केला असतास. घोड्याला वाचा नाही रे. पाठीवर बसतो, तोच त्याची वाचा. तोच मुका झाला, की इथं एक नाव वाढतं."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"लगाम मी हिसकावला असता. घोडा वाचला असता. शिष्य नसता राहिला."

कमानीपाशी शर्यत सुटली, एकच गलका उठला. स्वाराने मान वळवली नाही. तो खाली वाकून पायाला पट्टी बांधत होता.

ज्यांच्या पाठीवर बसून आपण पुढे जातो, त्यांचे दुखणे सर्वांआधी आपल्याला कळते. ते बोलायचेही आपणच.