टाकीवरची अक्षरं

कुंभेरी नावाच्या गावात भालू पेंटर राहायचा. दुकानाची पाटी असो की शाळेची, गावातली सगळी अक्षरं त्याच्याच हातची. पट्टी लावून आखलेली, एकसारखी, कुठे तसूभर इकडेतिकडे नाही. पाटी पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचा. पेंटर लोकांची ती रीतच असते.

गावात नवं वाचनालय बांधून झालं. त्याच्या अध्यक्षा होत्या निवृत्त शिक्षिका सुमतीबाई. त्यांनी भालूला बोलावून घेतलं आणि तोंडावरच सांगितलं, "भालू, तुझी गिरणीची पाटी आणि दवाखान्याची पाटी सारखीच दिसते रे! वाचनालयासाठी काहीतरी जिवंत कर. नाही जमलं तर शहरातून माणूस आणते."

भालूच्या ते जिव्हारी लागलं. आठवडाभर त्याने कागदांवर कागद फाडले. काही केल्या सुचेना. शेवटी डोकं धरून घराबाहेर पडला आणि चालता चालता पाण्याच्या टाकीपाशी आला.

गावाला पाणी सोडायचं काम हौसाक्काकडे होतं. कुठल्या आळीला किती वाजता पाणी, ते ती रोज टाकीच्या भिंतीवर गेरूने लिहायची. कुंचला म्हणजे ठेचलेली काडी. टाकीभोवती चढ, ती चढत चढत लिहायची, म्हणून ओळही वर जायची. वेलांट्या या लांबच लांब! सगळं लिहून झालं की वरची रेघ एका दमात ओढायची. जुनं कधी पुसायची नाही. ते उन्हाने फिकं पडायचं, त्यावरच आजचं लाल लिहायची.

वीस वर्षं भालू त्या वाटेने जात होता, पण भिंतीकडे त्याने कधी नीट बघितलं नव्हतं. आता बघतच राहिला. घरी पळत आला आणि त्याच वळणाने त्याने पाटी रंगवली.

पाटी बघून सुमतीबाई हरखल्या. "अरे वा! कुठून सुचलं रे हे?"

 भालू म्हणाला, "सुचलं बघा, आपोआप."

झालं! एकदा थाप मारली की माणसाला झोप कुठली? उद्या कुणी टाकी बघितली आणि ओळखलं तर? दुसऱ्या दिवशी भालूने चुन्याची बादली उचलली आणि अख्खी टाकी पांढरी करून टाकली. गावासाठी फुकटात केलं म्हणून लोकांनी वर त्याचं कौतुकच केलं.

पुढच्या सकाळी भालूच्या आळीला पाणी येऊन गेलं, पण भिंतीवर वेळच लिहिलेली नव्हती, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन टाकीकडे निघाल्या. तेवढ्यात सुमतीबाईंचा निरोप आला, 'आतल्या भिंतीवर सगळी मुळाक्षरं याच वळणात हवीत. परवा उद्घाटन.'

भालू कामाला बसला. पाटीवर होती तेवढी अक्षरं जमली. पण 'झ'? 'ळ'? काढावीत तर लंगडीच वाटत. पुन्हा भिंत बघावी म्हणून तो टाकीकडे धावला, आणि समोर त्याचाच पांढरा चुना!

तिथे हौसाक्का हातात कुंचला घेऊन नुसतीच उभी होती.

"अक्का, लिहीत का नाहीस?"

"एवढी झकास भिंत केलीस बाबा. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांनी ती कशाला घाण करू?"

भालूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सगळं सांगून टाकलं. "अक्का, पाटीवरची अक्षरं तुझी आहेत. मी माझी म्हणून खपवली. चोरी केली मी."

 हौसाक्का म्हणाली, "अक्षरं काय माझ्या बापाची आहेत? घेतलीस तर घेतलीस. पण पुसलीस कशाला रे?"

 भालूने तिच्या हातातला कुंचला घेतला, गेरूत बुडवला आणि परत तिला दिला. तिने पांढऱ्या भिंतीवर आधी पाण्याची वेळ लिहिली. मग भालूने विनवलं म्हणून एकेक मुळाक्षर लिहिलं. ते बघून भालूने वाचनालयाची भिंत पुरी केली.

उद्घाटनाच्या दिवशी पाटी वर चढवायच्या आधी सुमतीबाईंनी कौतुक करायला भालूला गावापुढे उभं केलं. भालू हात जोडून म्हणाला, "बाई, हे आपोआप सुचलेलं नाही. टाकीवर हौसाक्का लिहिते, तिथून घेतलंय. ती टाकीही मीच पुसली." मग त्याने रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी काढली, कोपऱ्यातलं आपलं नाव पुसलं आणि ब्रश हौसाक्काला दिला.

 गावातल्या सगळ्या आळ्यांची नावं तिने हजारदा लिहिली होती. स्वतःचं नाव आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तिने सावकाश लिहिलं. जमीन सपाट होती, तरी ओळ वर चढत गेली.

तात्पर्य: दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही, ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव पुसण्यात आहे.