कड्यावरचा दुसरा दोर

एकदा एका कड्यावर एकाच माणसासाठी दोन दोर बांधलेले दिसले आणि सारं गाव हादरलं. दोन दोर म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. त्या डोंगरातल्या लोकांना तसं वाटत नसे. का वाटत नसे, ते आधी सांगायला हवं.

हे लोक कड्याच्या पोटाला लागलेली आग्या माश्यांची मोहोळं काढून जगत. कमरेला दोर बांधून एक माणूस खाली उतरायचा, माश्यांना धुरी द्यायचा आणि पोळं कापायचा. दोराचा एक वेढा वरच्या झाडाच्या बुंध्याला आणि टोक दुसऱ्या माणसाच्या हातात. हा दुसरा माणूस कोण असावा याचा नियम पूर्वजांनी घालून दिला होता. तो उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच असायचा. दोर सुटला तर आपल्याच बहिणीचं कुंकू पुसलं जाणार. मग तो सुटू देईल कसा? ज्या कुणाला हे प्रथम सुचलं असेल त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला वाटतं.

मात्र त्याच नियमानुसार दोर एकच असायचा. दुसरा दोर बांधणं म्हणजे माझ्या मेहुण्यावर माझा विश्वास नाही, असं चारचौघांत सांगणं. ते एकदा सांगितलं की भाऊ बहिणीला कायमची माहेरी घेऊन जाई.

त्या गावात एक वृद्ध राहत असे. चाळीस वर्षं तो कडे उतरला होता आणि गावातल्या प्रत्येक उतरणाऱ्याला त्यानेच शिकवलं होतं. त्याचा सर्वांत आवडता शिष्य तिशीचा, दोन लेकरांचा बाप. हात चपळ, नजर स्थिर, कड्यावर निर्भय. जमिनीवर मात्र थोडा भित्रा होता, आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

फाल्गुनात एक पोळं काढताना या शिष्याच्या कमरेचा दोर अचानक हातभर खाली सुटला. मग सावरला. थोड्या वेळाने पुन्हा सुटला. पायांखाली तीनशे हात पोकळी. वर आल्यावर त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा दोराची गुंडाळी करत होता आणि त्याने मान वर केली नाही.

शिष्याने मग काय केलं? आपण करतो तेच. मेहुण्याला सोडून तो सगळ्यांशी बोलला. बायकोला विचारलं, "दादाची तब्येत बरी आहे ना गं?" सोबत्यांना म्हणाला, "यंदा दोरच निकृष्ट आलेत." मेहुण्याच्या समोर बसून जेवला तेव्हा आमटीला तिखट जास्त झालंय, एवढंच काय ते बोलला. आणि चैत्रात मोठ्या कड्यावरचं पोळं काढायचा दिवस आला तेव्हा सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने एका खडकाला दुसरा दोर बांधला, वर पाचोळा पसरला आणि त्याचं टोक कांबळ्याखाली स्वतःच्या कमरेला गुंडाळलं.

हसू नका. सहकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन दोन वाक्यं बोलायची सोडून आपण त्याला लांबलचक मेल लिहितो आणि एक प्रत साहेबांना लावतो, तेव्हा आपणही पाचोळ्याखालून दोरच नेत असतो.

कमरेची गाठ तपासायला मेहुण्याने कांबळं बाजूला केलं. हाताला दुसरी गाठ लागली. तो काही क्षण त्या गाठीकडे पाहत राहिला. भोवती वीसएक माणसं उभी होती, त्या सगळ्यांनी पाहिलं. त्याने आपल्या हातातला दोर हळूच जमिनीवर ठेवला.

"दाजी," तो म्हणाला, "उद्या सकाळी मी ठमाला न्यायला येतो."

ठमा म्हणजे त्याची बहीण, शिष्याची बायको. शिष्य धावत वृद्धाकडे गेला.

"आजा, तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

"मी का बोलू?" वृद्ध म्हणाला. "कड्यावर मी लटकणार आहे का?"

संध्याकाळी त्याने दोघांना गावाबाहेरच्या सपाट कातळावर बोलावलं. अर्थात, पाठोपाठ सगळं गाव लोटलं. वृद्धाने काठी उगारून सर्वांना हाकललं, "चला, घरी जा! इथे काही तमाशा नाही." मग त्याने वीस हात लांबीचा एक दोर काढला, एक टोक शिष्याच्या हातात दिलं, दुसरं मेहुण्याच्या.

"समोरासमोर उभे राहा. दोर जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि समोरच्याला ओढायचंही नाही. आता बोला."

एवढं सांगून तो त्यांच्याकडे पाठ करून बसला. दोघे चक्रावले. बहीण उद्या माहेरी चालली आहे, संसार मोडतो आहे आणि हा म्हातारा पोरखेळ मांडून बसला आहे!

शेवटी शिष्याने सुरुवात केली.

"दादा, तुम्ही आमच्यासाठी काय नाही केलंत? लग्नापासून बघतोय मी. तुमच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही. आता गैरसमज म्हणाल तर ते होतातच..."

बोलता बोलता त्याचा हात सैल पडत गेला. दोराला झोळ पडला आणि तो कातळाला घासला.

"टेकला," वृद्ध म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

मेहुण्याच्या ओठांवर तिरकस हसू आलं. ते शिष्याला झोंबलं आणि त्याचा आवाज चढला.

"बरं, मग स्पष्टच सांगतो! तुमच्यामुळे मी मेलो असतो फाल्गुनात. दोर धरता येत नसेल तर धरू नये माणसाने!"

मेहुण्याने असा हिसका दिला की शिष्य दोन पावलं फरफटत पुढे गेला. खडे वाजले.

"ओढला," वृद्ध म्हणाला.

शिष्य हातातल्या दोराकडे पाहत होता. सैल सोडला तर टेकतो, हिसका बसला तर माणूस फरफटतो. मधली जागा अगदी थोडी होती. त्याने श्वास घेतला, दोर उचलून बेताने धरला आणि मेहुण्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"दादा, फाल्गुनात दोर हातभर सुटला. दोनदा. मला फार भीती वाटली. अजून वाटते. काय झालं होतं ते तुम्हाला विचारायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी दुसरा दोर बांधला. तुमचा अपमान झाला, तो मी केला. पण काय झालं होतं ते मला कळायला हवं."

आणि तो थांबला. पुढचं बोलायचा मोह त्याला झाला असणार, आपल्या सर्वांना होतो. पण तो थांबला. दोर दोघांच्या मधे अधांतरी राहिला. त्या शांततेत शिष्याला काहीतरी जाणवलं. दोरातून एक बारीक थरथर येत होती. ती वाऱ्याची नव्हती. समोरच्या उजव्या हाताची होती.

"तीनदा," मेहुणा म्हणाला.

"काय?"

"दोनदा नाही, दाजी. तीनदा सुटला. तिसऱ्या वेळी मी पाय झाडाच्या मुळीत अडकवून अंग मागे टाकलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही." त्याने उजवा हात पुढे केला. "या दोन बोटांत जीव नाही. संक्रांतीपासून. सकाळी उठून रोज चिमटा काढून बघतो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दोर गेला असता हातातून. बापामागे थोरला मी, मीच तिचं माहेर. तिच्या घरी मी कोणत्या तोंडाने आलो असतो? म्हटलं, हा एक मोसम काढू." त्याने ती दोन बोटं मुठीत दाबली. "रोज वाटायचं, तुम्ही विचाराल. विचारलं असतंत तर सांगितलं असतं मी."

महिनाभर दोन माणसं एकाच गोष्टीला घाबरून एकमेकांसमोर आमटी ओरपत बसली होती! शिष्य दोर न सोडता चालत मेहुण्यापर्यंत गेला.

"दादा, दोर कुणी धरायचा ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल त्याच्या हाती मी उतरेन."

मेहुण्याने उत्तर दिलं. "धाकट्याला देऊ. तोही ठमाचा भाऊच. पण तो ताणतो फार, शिकवावं लागेल. मी त्याच्या मागे उभा राहीन."

मेहुणा गेल्यावर शिष्य वृद्धाच्या पायाशी बसला.

"आजा, हा दोर हातात कशाला दिलात?"

"तोंडाने बोलताना माणसाला शब्दाचं वजन कळत नाही रे," वृद्ध म्हणाला. "ते समोरच्याच्या हातावर पडतं, आपल्याला काय त्याचं! आधी तू गोड बोललास. ते त्याला राग येऊ नये म्हणून, म्हणजे स्वतःसाठीच. मग कठोर बोललास, तेही स्वतःसाठीच, भीती लपवायला. तिसऱ्या वेळी जे घडलं ते सांगितलंस, तुला काय वाटलं ते सांगितलंस, आणि उरलेली जागा त्याला दिलीस. 'तू चुकलास' म्हटलं की माणूस भांडायला उठतो. 'मला भीती वाटली' म्हटल्यावर कशाशी भांडणार?"

"आणि पाठ करून का बसलात? आम्हाला मोकळेपणा वाटावा म्हणून?"

वृद्धाने काठी बाजूला ठेवली.

"तसं म्हणालो असतो तर तुला पटलंही असतं. पण खरं सांगतो. फाल्गुनात मी समोरच्या टेकाडावर बसलो होतो. दोर सुटताना मी पाहिला. तीनही वेळा. त्याची बोटं निकामी झालीत, हेही ओळखलं. चाळीस वर्षं कडे उतरलो, आणि त्या एका माणसापाशी जाऊन 'हात दाखव' म्हणायला माझे पाय उचलले नाहीत. थोरला मी, गुरू मी, आणि गप्प बसलो. मग तुम्ही दोघे बोलत असताना तुमच्याकडे तोंड करून बसायची मला लाज वाटली."

ज्याच्याइतका निर्भय माणूस शिष्याने पाहिला नव्हता, तोही या एका कड्यापाशी घाबरला होता. त्याने वाकून वृद्धाचे पाय धरले, आणि आजवर शंभर वेळा केलेल्या नमस्कारांत हा पहिलाच खरा होता, असं तो पुढे सांगत असे.

चौथ्या दिवशी मोठ्या कड्यावर एकच दोर होता. तो धाकट्याच्या हातात होता. थोरला मागे उभा राहून त्याला सांगत होता, "ताणू नकोस. त्याचं वजन येऊ दे हातावर." शिष्याने कड्याबाहेर पाय टाकला. दोर हलकेच ताठ झाला. तो दहा-बारा हात उतरला असेल, तेवढ्यात वरून हाक आली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"दाजी, भीती वाटतेय का?"

खाली दरी होती, अंगाभोवती माश्यांचं घोंघावणं होतं.

"वाटतेय!" तो ओरडला.

"आम्हालाही!" वरून उत्तर आलं.

आणि तो निश्चिंत मनाने खाली उतरू लागला.