वाफसा कोण?

जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना नियोजनाचं भारी वेड. त्यांनी हुकूम काढला, “पाच तारखेला सगळ्या गावांनी एकाच वेळी ज्वारी पेरायची. मंत्री पाहायला येणार आहेत.”

नेमका चार तारखेपर्यंत काळेवाडीत परतीचा पाऊस कोसळला. काळ्या रानाचा नुसता चिखल झाला. गोदाक्काच्या घरात बियाणं होतं एकाच पेरणीपुरतं. ते चिखलात कुजलं, तर वर्षभर खायचं काय? म्हणून पाच तारखेला साहेब तपासणीला आले, तेव्हा ती बांधावर स्वस्थ बसली होती.

“पेरणी का नाही?” साहेब गरजले.

“वाफसा नाही ना, साहेब.”

“कोण हा वाफसा? रजेवर आहे का? माझ्यापेक्षा मोठा लागून गेला?”

गोदाक्काने पदराआड हसू दाबलं. “मोठाच म्हणायचा. त्याच्या परवानगीशिवाय इथं कुणी दाणा टाकत नाही.”

“बोलवा त्याला!”

“तो रानातच भेटतो. चार पावलं आत जावं लागेल.”

साहेब तावातावाने आत शिरले आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. कितीही ओढला तरी पाय निघेना.

“अहो बाई, काढा मला! मंत्री येतील!”

“साहेब, ओल बेताची होऊन माती पायाला चिकटेनाशी होते ना, त्यालाच आम्ही वाफसा म्हणतो,” गोदाक्का म्हणाली. “आठवडाभरात येईल. तोवर तुम्ही थांबताय, की हुकूम थांबवताय?”